बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ ला पुस्तक लिहिलं, पण महाराष्ट्र ते तब्बल ९३ वर्षं विसरून गेला

तेल्हाऱ्याहून शेगाव, खामगाव करत निघालं की शंभरेक किलोमीटरवर बुलढाणा लागतं. अजिंठ्याच्या डोंगरात वसलेलं थंड हवेचं गाव. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला थांबायचं, खामगावात चहा घ्यायचा आणि पुढे घाट चढायचा, हा वऱ्हाडातल्या लोकांच्या सवयीचा रस्ता.

याच बुलढाण्यात दीडशे वर्षांपूर्वी एक बाई राहत होती. ती शाळेत गेली नव्हती, कारण त्या भागात मुलींची शाळाच नव्हती. तिच्या नावावर एकच पुस्तक आहे. तेही जेमतेम ५० पानांचं. पण आज भारतातल्या स्त्रीवादाचा इतिहास जिथे जिथे शिकवला जातो, मग ते पुणे असो, हैदराबाद असो नाहीतर परदेशातलं विद्यापीठ, तिथे या पुस्तकाचं नाव घेतलं जातं.

पुस्तकाचं नाव स्त्रीपुरुषतुलना आणि बाईंचं नाव ताराबाई शिंदे.

आता गंमत बघा. हे पुस्तक १८८२ मध्ये छापलं गेलं. त्यानंतर ते असं गायब झालं की पुन्हा छापायला १९७५ साल उजाडावं लागलं. मधल्या काळात महाराष्ट्रात स्त्रियांच्या प्रश्नांवर मोठमोठ्या चळवळी झाल्या, कायदे झाले, ग्रंथ आले. ताराबाईंचं नाव मात्र फारसं कुणाच्या कानावर नव्हतं.

तर या ताराबाई कोण होत्या, त्यांनी असं काय लिहिलं होतं आणि हरवलेलं पुस्तक परत आणलं कुणी, हे सविस्तर बघूया.

ताराबाईंचा जन्म साधारण १८५० चा. तेव्हा वऱ्हाड निजामाच्या राज्यात होतं. १८५३ च्या तहानंतर इंग्रजांनी वऱ्हाडचा कारभार आपल्या हातात घेतला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सगळंच बदलायला लागलं. रेल्वे आली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगाव, अकोला, अकोट या बाजारपेठा फुगल्या. जिल्ह्याच्या गावांत कचेऱ्या उघडल्या आणि त्या कचेऱ्यांना लिहिता-वाचता येणारी माणसं लागायला लागली.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे अशाच एका कचेरीत होते. बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या ऑफिसात ते हेडक्लार्क होते. मराठा कुटुंब, इंग्रजी जाणणारा माणूस आणि विचार सत्यशोधकांकडे झुकणारे. त्यांनी स्वतः १८७१ मध्ये हिंट टू द एज्युकेटेड नेटिव्ह्ज नावाचं पुस्तक काढलं होतं. म्हणजे लिहिण्या-छापण्याची ओळख या घराला आधीपासून होती.

बापूजींना चार मुलगे आणि एकच मुलगी. ती मुलगी म्हणजे ताराबाई.

गावात शाळा नाही म्हणून बापूजींनी लेकीला घरीच शिकवलं. मराठी तर शिकवलंच, सोबत संस्कृत आणि इंग्रजीही शिकवलं. त्या काळात मुलीच्या हातात पाटी दिली तर लोक नावं ठेवायचे. तिने पोथी वाचली तर नवरा मरतो, असं सरळसरळ बोललं जायचं. अशा दिवसांत एका मराठा घरात मुलगी संस्कृत वाचत होती, ही साधी गोष्ट नव्हती.

पण घर कितीही पुढारलेलं असलं तरी काही गोष्टी सुटत नव्हत्या. ताराबाईंचं लग्न लहानपणीच झालं. फरक एवढाच की त्यांचा नवरा घरजावई म्हणून शिंद्यांच्या घरी राहायला आला. त्यामुळे सासुरवास वाट्याला आला नाही आणि वाचन सुटलं नाही. मात्र बाहेर मोकळेपणाने वावरायची मुभा नव्हती. खानदानी मराठ्यांच्या घरातल्या बायका पडद्यात असायच्या. पुस्तकाच्या प्रस्तावनेत ताराबाईंनी स्वतःची ओळख करून दिली आहे ती अशाच चार भिंतींत अडकलेली, लिहिण्याचा पहिलाच प्रयत्न करणारी एक बाई म्हणून.

मग घरात बसलेली ही बाई एवढी चिडली कशामुळे?

त्यासाठी आपल्याला थेट सुरतला जावं लागेल.

साल १८८१. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथल्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. तिला विधवापणी दिवस गेले होते. बाळ जन्मलं आणि बदनामीच्या भीतीने तिने ते मारलं, असा आरोप होता. कोर्टाने तिला फाशी सुनावली. पुढे अपिलात फाशी रद्द होऊन जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. विधवा विवाहाला परवानगी देणारा कायदा १८५६ लाच झाला होता. पण कायदा कागदावर राहिला. उच्च जातींत विधवेचं दुसरं लग्न म्हणजे अख्ख्या घराण्यावर बहिष्कार. लहानपणी लग्न, लहानपणीच वैधव्य आणि पुढचं सगळं आयुष्य एका खोलीत. त्यात घरातल्याच किंवा ओळखीच्या पुरुषाने फसवलं तर बाईपुढे दोनच रस्ते उरायचे. जीव द्यायचा नाहीतर बाळाचा जीव घ्यायचा.

ही वेळ येऊ नये म्हणून जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं होतं. विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावं आणि बाळाला जगू द्यावं, हा त्यामागचा हेतू. पुढे तिथेच जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेतलं. त्याचं नाव यशवंत.

पण विजयालक्ष्मीच्या खटल्यावर पेपरांनी काय लिहिलं? अनेकांनी त्या बाईलाच धारेवर धरलं. पुणेवैभव नावाच्या सनातनी वळणाच्या वृत्तपत्राने तर या एका खटल्यावरून सगळ्या स्त्रीजातीवरच तोंडसुख घेतलं. बायका शिकायला लागल्या, सैल झाल्या, नीतीभ्रष्ट झाल्या, असा एकूण सूर.

हे लिखाण बुलढाण्यात ताराबाईंच्या वाचनात आलं आणि त्यांनी उत्तर लिहायला घेतलं.

आता कुणी विचारेल, सुरतच्या ब्राह्मण विधवेचं बुलढाण्याच्या मराठा बाईला काय पडलं होतं? तर शेतकरी आणि कष्टकरी जातींत तेव्हा पाट लावायची पद्धत होती. नवरा गेला तर बाईला दुसरं घर करता यायचं. पण स्वतःला कुळीचे म्हणवणाऱ्या मराठा घराण्यांनी ब्राह्मणांसारखीच विधवा विवाहावर बंदी घातली होती. प्रतिष्ठेसाठी वरच्या जातीच्या प्रथा उचलायच्या आणि त्याची किंमत घरातल्या बायकांनी चुकवायची, हे ताराबाई आपल्याच समाजात बघत होत्या. त्यामुळे विजयालक्ष्मीची गोष्ट त्यांना परकी वाटण्याचं कारणच नव्हतं.

१८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात स्त्रीपुरुषतुलना छापून झालं. ५०० प्रती आणि किंमत नऊ आणे.

पुस्तकाची युक्ती नावातच आहे. तुलना. बायकांवर जे जे आरोप होतात ते एकेक करून घ्यायचे आणि विचारायचं की हाच दोष पुरुषांत किती आहे? बाईच्या स्वभावाला नावं ठेवणारा एक जुना संस्कृत श्लोक त्या घेतात आणि त्यातला प्रत्येक शेरा तराजूत घालतात. बायका साहसी असतात, संशयी असतात, कपटी असतात असं म्हणता ना? मग चोऱ्या, दरोडे, खोटे दस्तऐवज, लाच, फितुरी हे कोण करतं? तुरुंग कुणामुळे भरले आहेत? वडिलांनी शिकवलेलं संस्कृत इथे कामी आलं.

विधवेच्या प्रश्नावर तर त्यांनी कुणालाच सोडलं नाही. बायको मेली की नवरा लगेच दुसरी आणायला मोकळा. नवरा मेला की बाईचे केस, दागिने, कुंकू आणि मान असं सगळंच जातं. लग्नाच्या मुहूर्तावर ती अपशकुनी ठरते. दोघांचाही जोडीदारच गेला ना, मग नियम दोन का, असा त्यांचा प्रश्न आहे. नवरा देव असेल तर त्याने देवासारखं वागायला नको का, हा दुसरा. नको असलेल्या म्हाताऱ्याशी पोरीचं लग्न लावून द्यायचं आणि मग तिच्याकडून पातिव्रत्याची अपेक्षा ठेवायची, यावर त्या उखडतात.

वेश्यांबद्दलही तसंच. समाज त्यांना शिव्या घालतो, पण त्या काय आभाळातून पडल्या? फसवून घराबाहेर काढणारा पुरुष असतो आणि नंतर बदनामी फक्त तिची होते, हे त्यांनी स्पष्ट मांडलं.

पुराणातल्या कथाही त्यांनी तपासल्या. देवांनी आणि ऋषींनी जे केलं ते खपून जातं आणि तेच बाईने केलं तर ती कुलटा कशी, असं विचारताना त्या शास्त्र लिहिणाऱ्यांचा मुलाहिजा ठेवत नाहीत.

त्यांचा आणखी एक रोख होता सुधारलेल्या पुरुषांवर. कोट-पाटलोण घालायला, साहेबासारखं राहायला, दारू प्यायला या लोकांना धर्म आडवा येत नाही. बाईने काही बदल करायचा म्हटला की लगेच धर्म बुडतो. सभेत सुधारणेची भाषणं ठोकायची आणि घरी आल्यावर सगळं जुनंच चालू ठेवायचं, ही दोन तोंडं त्यांनी उघडी पाडली.

आणि या सगळ्यात एक काम असं होतं, ज्याकडे अभ्यासकांचं लक्ष पुढे खूप उशिरा गेलं. ताराबाईंनी त्या काळी गाजत असलेल्या पुस्तकांचा समाचार घेतला. मुक्तामाला आणि मंजुघोषा या कादंबऱ्या, मनोरमा नाटक, स्त्रीचरित्र या कथा, यांत बाई कशी दाखवली आहे, हे त्यांनी पाहिलं. गोष्टीतली बाई एकतर देवी नाहीतर कपटी, आणि खऱ्या बाईच्या हालांशी लेखकाला देणंघेणं नाही, अशी त्यांची तक्रार होती. सिनेमात, मालिकेत बाई कशी दाखवतात यावर आज आपण पोस्ट लिहितो. ते काम ताराबाईंनी १८८२ मध्ये मराठी कादंबरीवर केलं होतं. मराठी कादंबरी तेव्हा जेमतेम २५ वर्षांची होती.

भाषाही पुण्याच्या शिष्ट गद्यासारखी नाही. घरात, अंगणात, भांडणात बायका बोलतात तशी आहे. म्हणी, टोमणे, शिव्या सगळं आहे. वाक्य सुरू होतं आणि दम लागेपर्यंत चालत राहतं.

मग पुढे काय झालं?

पुस्तकावर टीका झाली. एका बाईने आणि तेही अशा भाषेत पुरुषांना सुनवावं, हे अनेकांना झेपलं नाही. यात सत्यशोधकांच्या गोटातले लोकही होते. तेव्हा जोतिराव फुले उभे राहिले. १८८५ मध्ये सत्सारच्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. लेकीच्या मायेने त्यांचा उल्लेख केला आणि हे पुस्तक वाचण्यासारखं असल्याचं आपल्या लोकांना सांगितलं. सहकाऱ्यांनी बाईच्या लिखाणाला नाकं मुरडली, हे फुल्यांना पटलं नव्हतं.

पण त्यानंतर ताराबाईंनी लिहिलेलं दुसरं पुस्तक आपल्याकडे नाही. वयाच्या बत्तिशीच्या आसपास त्यांनी एकदाच आवाज उठवला आणि पुढची २५-३० वर्षं छापील जगात त्यांचा आवाज ऐकू आला नाही. १९१० च्या सुमारास त्यांचं निधन झालं.

त्याच १८८२ साली पुण्यात पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला आणि स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिलं. रमाबाईंचं नाव पुढे देशात आणि परदेशात गेलं. त्यांच्या पाठीशी संस्था होत्या, प्रवास होता, इंग्रजी वाचणारे वाचक होते. ताराबाईंकडे यातलं काही नव्हतं. त्या वऱ्हाडात होत्या, पडद्यातल्या घरात होत्या आणि ब्राह्मणेतर होत्या. वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे पुण्या-मुंबईत बसले होते. ५०० प्रती हळूहळू वाळवीने, पावसाने आणि रद्दीवाल्याने खाल्ल्या.

आता कहाणीचा दुसरा भाग.

१९६९ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने महात्मा फुले समग्र वाङ्मय प्रकाशित केलं. संपादक होते धनंजय कीर आणि स. गं. मालशे. कीर चरित्रकार, मालशे मराठीचे प्राध्यापक आणि जुन्या दुर्मिळ पुस्तकांचे जाणकार. या खंडात सत्सारही होतं आणि सत्सारमध्ये ताराबाई होत्या. फुल्यांनी ८४ वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला उल्लेख आता पुन्हा लोकांसमोर आला.

पुढे मालशे यांनीच स्त्रीपुरुषतुलना संपादित केलं आणि १९७५ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने ते प्रसिद्ध केलं. म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर तब्बल ९३ वर्षांनी.

वेळही अचूक जुळून आली. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. त्याच्या आदल्याच वर्षी देशातल्या स्त्रियांच्या स्थितीवरचा समानतेकडे हा सरकारी समितीचा अहवाल आला होता. त्या अहवालाने अभ्यासकांना हादरवलं, कारण स्वातंत्र्यानंतर बायकांचं चांगलं चाललंय हा समज त्याने मोडला. १९७४ मध्येच मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू झालं. १९८१ मध्ये तिथेच स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि त्यातून १९८२ मध्ये देशभरातल्या अभ्यासकांची संघटना उभी राहिली. ताराबाईंच्या पुस्तकाला त्या वर्षी बरोबर १०० वर्षं झाली होती.

या नव्या अभ्यासकांना एक प्रश्न सतावत होता. आपल्या आधी बायकांनी काही लिहिलंच नव्हतं का? लिहिलं असेल तर गेलं कुठे?

याचं उत्तर एका माणसाला शोधता येण्यासारखं नव्हतं. मराठीवाल्याला जुनी मराठी कळते, पण कोर्टाचे कागद वाचायला इतिहासकार लागतो. इतिहासकाराला जातीचं गणित समजून घ्यायला समाजशास्त्र लागतं. आणि महाराष्ट्राबाहेर हे पोचवायचं तर अनुवादक हवा. त्यामुळे कामं वाटली गेली.

हैदराबादच्या सुझी थारू आणि के. ललिता यांनी ११ भारतीय भाषांतलं स्त्रियांचं लेखन गोळा करायला घेतलं. भाषाभाषांतल्या अभ्यासकांना विचारत, जुन्या लायब्ररी धुंडाळत हे काम झालं. १९९१ मध्ये विमेन रायटिंग इन इंडिया या ग्रंथाचा पहिला खंड न्यूयॉर्कहून निघाला. त्यात स्त्रीपुरुषतुलनाचा भाग होता, अनुवाद माया पंडित यांचा.

पाठोपाठ १९९४ मध्ये ब्रिटिश इतिहासकार रोझालिंड ओ'हॅनलन यांनी संपूर्ण पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. आधी त्यांनी फुल्यांच्या चळवळीवर मोठं संशोधन केलं होतं. म्हणजे त्याही ताराबाईंच्या दारात पोचल्या त्या फुल्यांच्याच वाटेने. मराठीत विलास खोले यांनीही या पुस्तकाची संपादित आवृत्ती काढली.

पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात विद्युत भागवत यांनी मराठी स्त्रियांच्या लेखनाची परंपरा जोडून दाखवली. त्याच केंद्रातल्या शर्मिला रेगे यांनी त्यात जातीचा प्रश्न ठळक केला. स्त्रीवाद ही पुण्या-मुंबईच्या उच्चवर्णीय, इंग्रजी शिकलेल्या बायकांची गोष्ट आहे, असं म्हणणाऱ्यांसमोर त्यांनी वेगळी रांग उभी केली. १८५५ मध्ये ज्ञानोदयमध्ये निबंध लिहिणारी फुल्यांच्या शाळेतली मुक्ता, सावित्रीबाई आणि ताराबाई यांची ही रांग.

अर्थात सगळे अभ्यासक ताराबाईंना डोक्यावर घेऊन नाचत बसले नाहीत. त्यांच्या मर्यादांवरही चर्चा झाली. ताराबाई पतिव्रतेचा आदर्श पूर्णपणे सोडत नाहीत. इंग्रजांच्या राज्यात मुलींना शिकायला मिळालं म्हणून त्या सरकारचं कौतुक करतात. शेतात राबणाऱ्या, मजुरी करणाऱ्या बाईचे प्रश्न त्यांच्या पुस्तकात फार येत नाहीत. पण अशी चर्चा व्हायला आधी पुस्तक हातात असावं लागतं. ९३ वर्षं ते हातातच नव्हतं.

तेल्हारा, अकोट, बुलढाणा इथली कॉलेजं आज ज्या अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत, ते विद्यापीठ सुरू झालं १९८३ मध्ये. म्हणजे हे विद्यापीठ सुरू झालं तेव्हा वऱ्हाडातल्या या बाईचं पुस्तक १०१ वर्षांचं झालेलं होतं. लिहायला तिला विद्यापीठ लागलं नाही. ते जपायला, छापायला आणि पुढच्या पिढीपर्यंत पोचवायला मात्र बरीच माणसं लागली. एक फुले लागले, एक मालशे लागले, अनुवाद करणाऱ्या, शिकवणाऱ्या, वाद घालणाऱ्या कितीतरी जणी लागल्या. यातला एखादा दुवा जरी निखळला असता तर आज ताराबाईंचं नाव आपल्याला माहितीही नसतं.

म्हणून एक काम करा. पुढच्या वेळी जुनं घर पाडायच्या आधी किंवा दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरच्या ट्रंकेत आजीची, पणजीची एखादी वही सापडली, तर रद्दीत घालू नका. ओव्या असतील, हिशोब असेल, भाच्याला लिहिलेलं पत्र असेल. एकदा बसून वाचा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि जवळच्या कॉलेजातल्या मराठीच्या किंवा इतिहासाच्या प्राध्यापकांना दाखवा.